गव्हाचे जहाज

इतिहासाच्या पुस्तकांत तोफांना जागा असते, तहांना असते, नकाशावरच्या बाणांनाही असते. पोटाला मात्र नसते. शाळेत इतिहास शिकविताना ही गोष्ट मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात कोणत्या दिवशी कोणते शहर पडले, हे मुले घडाघडा म्हणून दाखवितात. शहर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या चुली पेटल्या की नाही, याविषयी धडा अवाक्षर काढीत नाही. एकदा नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, शत्रूने शहर घेतल्यावर तिथल्या लोकांना जेवायला कोण घालतं?"

प्रश्न सरळ होता. उत्तर तितके सरळ नाही. ते द्यावयाचे तर ग्रीस देशाची हकीकत सांगावी लागते, आणि ग्रीसची सांगितली की त्याच काळातली आपल्या बंगालची सांगितल्यावाचून राहवत नाही. दिवाळीत, चकल्या-करंज्यांचे डबे भरलेले असताना भुकेची गोष्ट काढणे कोणाला अप्रशस्त वाटेल. परंतु उपाशी माणसाला भुकेची गोष्ट ऐकवावी लागत नाही. ती आपल्यासारख्यांनीच ऐकावयाची असते.

ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीने ग्रीसवर स्वारी केली. ग्रीक सैन्याने ती केवळ अडविली नाही, तर इटालियनांना अल्बानियाच्या डोंगरांत मागे रेटले. साऱ्या जगाने तोंडात बोट घातले. पण एप्रिल १९४१ मध्ये जर्मनी उतरली आणि तीन आठवड्यांत अथेन्स पडले. देशाचे तीन वाटे झाले. जर्मनांनी मोक्याची ठिकाणे घेतली, बराचसा मुलूख इटालियनांकडे गेला आणि पूर्व मॅसिडोनिया व थ्रेस बल्गेरियाने घेतले. हा शेवटचा वाटा म्हणजे ग्रीसचे धान्याचे कोठार. तिथला दाणा अथेन्सकडे येणे बंद झाले.

ग्रीस हा डोंगराळ देश. ऑलिव्ह, द्राक्षे, बेदाणे, तंबाखू ही त्याची पिके. गव्हाचा मोठा वाटा बाहेरून बोटींनी यावयाचा. आता ब्रिटनने समुद्राची नाकेबंदी केली. जे शत्रूच्या ताब्यात, तिथे काही जाऊ द्यावयाचे नाही, असा नियम. आत जर्मनांनी गोदामे रिकामी केली, रेल्वे व बोटी लष्करासाठी घेतल्या, आणि लष्कराचा खर्चही ग्रीकांच्याच माथी मारला. तो भागविण्यासाठी नोटा छापल्या गेल्या, भाव भडकले. ज्या शेतकऱ्यापाशी चार दाणे होते त्याने ते जमिनीत पुरले. कागदी पैशाच्या मोबदल्यात धान्य देण्याइतका शेतकरी कोणत्याच देशात भोळा नसतो.

मग १९४१-४२ चा हिवाळा आला. तो नेमका कडक निघाला. शहरातल्या गरिबाला ना भाकरी, ना तेल, ना सरपण. सर्वांत वाईट दिवसांत अथेन्स आणि तिचे बंदर पिरेयस या भागात दिवसाला सुमारे ३०० माणसे मरत. नगरपालिकेच्या गाड्या सकाळी रस्त्यांवरून प्रेते गोळा करीत फिरत. कित्येक घरांनी मेलेले माणूस कळविलेच नाही. रात्री गुपचूप ते स्मशानाच्या भिंतीपाशी नेऊन ठेवले. निर्दयपणाने नव्हे. माणूस मेल्याची नोंद झाली असती तर त्याची शिधापत्रिका गेली असती, आणि त्या पत्रिकेवरचा पावाचा तुकडा मागे राहिलेल्या पोराला मिळाला नसता. आईच्या प्रेतावर नाव न लावता ते सोडून देणाऱ्या मुलाच्या मनात त्या रात्री काय चालले असेल, हे लिहिण्याचे धाडस मी कादंबरी लिहीत असूनही करणार नाही.

भूक एकटी येत नाही. तिच्या पाठोपाठ हिवताप, क्षय आणि आमांश आले. ग्रीसमध्ये हिवताप पूर्वीपासूनच होता. १९४२ च्या मार्च महिन्यात जपानने जावा बेट घेतले, आणि जगाला कोयनेल पुरविणाऱ्या सिंकोनाच्या बागा त्याच्या हाती गेल्या. त्यामुळे जावातल्या पराभवाचा फटका पिरेयसच्या तापकऱ्यालाही बसला. संपूर्ण व्यापाच्या काळात या दुष्काळाने किती ग्रीक मेले, याचे अंदाज वेगवेगळे आहेत. सामान्यतः ३ लाखांच्या आसपासचा आकडा सांगतात. तेव्हाच्या ग्रीसची लोकसंख्या सत्तर-पंचाहत्तर लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते.

आता नववीतल्या मुलीचा प्रश्न. जेवायला कोण घालते?

ब्रिटनचे म्हणणे असे की, ज्याने देश व्यापला त्याने त्या देशाला पोसावे. आपण अन्न पाठविले तर शत्रूच्या डोक्यावरचा भार हलका होईल. शिवाय आपला गहू त्याचेच सैनिक खातील. २० ऑगस्ट १९४० रोजी चर्चिल यांनी पार्लमेंटात हे धोरण उघडपणे मांडले होते. हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. जर्मनांनी खरोखरच लुटालूट केली होती. युद्ध लांबले तर आणखी माणसे मरतील, असा हिशेबही त्यात होता. जर्मनीचे म्हणणे याच्या उलट. नाकेबंदी तुमची, तेव्हा उपासमारही तुमची. दोघांच्याही म्हणण्यात तर्क होता. त्या तर्काच्या दोन भिंतींमध्ये अथेन्सची पोरे वाळत होती.

या भिंतीला पहिले भोक पाडले ते तुर्कस्तानच्या एका म्हाताऱ्या आगबोटीने. ग्रीक आणि तुर्क यांचे वैर किती जुने आणि किती कडवे, हे इतिहासाच्या वाचकाला सांगावयास नको. १९१९ ते १९२२ पर्यंत ते एकमेकांशी लढले होते. १९२३ मध्ये दोन्ही देशांनी लक्षावधी माणसांची अदलाबदल केली. पिढ्यान् पिढ्यांची घरेदारे सोडून लोक परक्या किनाऱ्यावर उतरले. त्या गोष्टीला वीस वर्षेही झाली नव्हती. तरी ऑक्टोबर १९४१ मध्ये इस्तंबूलहून 'कुर्तुलुश' नावाची बोट पिरेयसला निघाली. नावाचा अर्थ 'मुक्ती'. दोन्ही बाजूंना लाल चंद्रकोर रंगविलेली. ब्रिटिशांना आणि जर्मनांना तिच्या मार्गाची आधी वर्दी दिलेली. तुर्कस्तान तटस्थ होते, पण त्याच्याही घरात ददात होती. गहू देणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून बोटीत भरले ते घेवडा, हरभरे, कांदे, बटाटे, अंडी, मासळी. शेजारीण अडचणीत असली की आपणही डब्यात जे असेल तेच देतो.

कुर्तुलुशच्या चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला, जानेवारी १९४२ मध्ये, वादळात ती मार्मारा बेटाच्या खडकांवर चढली आणि बुडाली. खलाशी वाचले. पुढे 'दुमलुपिनार' नावाची दुसरी बोट तेच काम करू लागली. या साऱ्या खेपांनी नेलेले अन्न गरजेच्या मानाने थोडे होते. अथेन्सचे पोट त्याने भरणार नव्हते. पण जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते शक्य आहे, एवढे त्या बोटीने दाखवून दिले. दोन्ही शत्रूंच्या संमतीने, दोघांच्या डोळ्यांदेखत, तिसरा मनुष्य चौथ्याला जेवू घालू शकतो.

आता लंडनवर दडपण वाढले. ते कोणी आणले, हे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढच्या बंगालच्या हकीकतीत त्याचा संबंध येणार आहे. पहिले, ग्रीसचे परागंदा सरकार. राजा व मंत्री देश सोडून गेले होते, पण ते दोस्तांचे मान्यताप्राप्त भिडू होते; त्यांना बैठकीत खुर्ची होती. दुसरे, अमेरिकेतले ग्रीक. हॉटेले, दुकाने, कारखाने यांत राबून वर आलेल्या या लोकांनी १९४० मध्येच मदतसंस्था काढली होती. सिनेमाच्या धंद्यातले मातबर स्पायरॉस स्कूरास तिचे अध्यक्ष होते. ही माणसे मते देत होती, आणि मते देणाऱ्याची हाक वॉशिंग्टनला ऐकू येते. तिसरी, छायाचित्रे. अथेन्समध्ये वूला पापायोआनू या छायाचित्रकार बाईंनी हाडांचे सापळे झालेल्या मुलांची चित्रे टिपली. अशी चित्रे देशाबाहेर पोहोचली. चौथे, खुद्द इंग्लंडातले काही पाद्री, प्राध्यापक आणि क्वेकर मंडळी. आपल्याच सरकारला विचारणारी ही माणसे होती की, शत्रूचा पराभव करण्यासाठी मित्राची मुले मारावी लागतात काय?

१९४२ च्या आरंभी ब्रिटनने नाकेबंदीत खिंड पाडण्याचे मान्य केले. तरी हो म्हणणे आणि गहू पोहोचणे यांत कित्येक महिने गेले. गहू कॅनडाने द्यावयाचा, महिन्याला १५,००० टन, देणगी म्हणून. जहाजे तटस्थ स्वीडनची. ती अटलांटिक ओलांडून जाणार, तेव्हा ब्रिटनचा परवाना हवा, जर्मनीचा हवा, इटलीचा हवा. पाणबुड्यांना वर्दी हवी, सुरुंगांतून वाट हवी. वाटप स्वीडिश व स्विस माणसांच्या मंडळाने रेड क्रॉसतर्फे करावयाचे. जर्मनांनी या गव्हाला हात लावावयाचा नाही. इतकेच नव्हे, तर ग्रीसमध्ये पिकलेले धान्यही बाहेर न्यावयाचे नाही. नाही तर एका दाराने आलेला गहू दुसऱ्या दाराने गेल्यासारखे व्हावयाचे. या अटींवर कागद इकडून तिकडे फिरत राहिले. अखेर ऑगस्ट १९४२ च्या शेवटी पिरेयसला गव्हाची जहाजे नियमाने लागू लागली. १९४३ पासून या मंडळाचे प्रमुख होते एमिल सांडस्ट्रॉम, स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. पोती मोजण्यासाठी न्यायाधीश बसवावा लागला, यावरून त्या पोत्यांची किंमत समजावी.

मी बाईमाणूस, टनांचा हिशेब मला वाटीतच कळतो. महिन्याला १५,००० टन गहू सत्तर-पंचाहत्तर लाख लोकांत वाटला, तर माणशी महिन्याला दोन किलो. दिवसाला साधारण ७० ग्रॅम. म्हणजे जेमतेम एक लहान वाटी पीठ, पातळ लाटल्या तर दोन पोळ्या. गावांना कमी आणि शहरांना जास्त दिले, म्हणून शहरात थोडे अधिक पडले असेल. त्याच्या जोडीला मुलांसाठी अन्नछत्रे, दूध, कोयनेल व तशीच दुसरी औषधे आली. एवढ्याशा वाटीभर पिठावर मृत्यू मागे हटला. दुष्काळ सरला नाही, हाल संपले नाहीत, डोंगरातल्या गावांत तर जर्मनांनी जाळपोळ करून पुन्हा उपासमार आणली; पण १९४१-४२ सारखा हिवाळा अथेन्सने पुन्हा पाहिला नाही.

इंग्लंडातल्या ज्या मंडळींचा उल्लेख वर केला त्यांपैकी काही ५ ऑक्टोबर १९४२ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये जमली. नाकेबंदी आणखी सैल करून ग्रीस-बेल्जियमच्या मुलांना दूध व औषधे जाऊ द्यावीत, हा त्यांचा हेतू. त्यांत ग्रीक भाषेचे विख्यात पंडित गिल्बर्ट मरे होते, आणि सर ॲलन पिम होते. पिम हे आपल्या इकडच्या सनदी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. हिंदुस्थान त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेला. या समितीने ऑक्टोबर १९४३ मध्ये ऑक्सफर्डमध्ये 'ग्रीक सप्ताह' साजरा केला आणि १२ हजारांवर पौंड जमविले. हीच समिती पुढे 'ऑक्सफॅम' या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली.

वाचकहो, या तारखेपाशी मला थांबावे लागते. ऑक्टोबर १९४३. ऑक्सफर्डमध्ये ग्रीक मुलांसाठी नाणी गोळा होत होती, त्याच महिन्यात कलकत्त्याच्या फुटपाथांवर बंगालची माणसे मरत होती. खेड्यांतून चालत आलेल्या बाया दारोदार हाक देत होत्या, "माँ, फ्यान दाओ." फ्यान म्हणजे भात वेळून काढलेले पेजेचे पाणी. भात मागण्याची हिंमत त्यांना उरली नव्हती. भाताचे पाणी मागत होत्या.

हाही युद्धाचाच दुष्काळ होता. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. जपानी येतील या धास्तीने सरकारने बंगालच्या किनारी जिल्ह्यांतला तांदूळ उचलला आणि दहांहून अधिक माणसे बसतील अशा होड्या काढून घेतल्या. नद्यांच्या त्या देशात होडी म्हणजे बैलगाडी, नांगर आणि जाळे, सारे एकच. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. लष्कराची खरेदी, साठेबाजी आणि नोटांचा पूर यांनी तांदळाचे भाव मजुराच्या हाताबाहेर गेले. आणि सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही; जाहीर केला असता तर दुष्काळाच्या कायद्याप्रमाणे अन्न पुरवावे लागले असते. २२ ऑगस्ट १९४३ रोजी 'स्टेट्समन'चे इंग्रज संपादक इयन स्टीफन्स यांनी रस्त्यावरच्या भुकेल्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा दिल्ली-लंडनला ही गोष्ट झाकता येईनाशी झाली. ऑक्टोबरमध्ये आलेले नवे व्हाइसरॉय वेव्हेल यांनी लष्कराला धान्यवाटपाला लावले. पण तोवर कॉलरा, हिवताप आणि देवी यांनी कबजा घेतला होता. भुकेने जेवढे मेले त्याहून अधिक नंतर रोगांनी मेले. कोयनेलचा तुटवडा इथेही नडला. सरकारी चौकशी समितीने १९४५ मध्ये १५ लाखांचा अंदाज सांगितला. पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला.

ग्रीसला जहाजे पाठविणाऱ्या कॅनडाने नोव्हेंबर १९४३ मध्ये बंगालसाठीही १ लाख टन गहू देऊ केला. पुन्हा वाटीचा हिशेब करू. एक कोटी माणसांना दिवसाला पाव किलो दिला असता, तर तो गहू ४० दिवस पुरला असता. लंडनहून उत्तर आले की आभारी आहोत, पण न्यावयास जहाजे नाहीत. जहाजांची ओढाताण खरी होती, हे नाकारता येत नाही. आणि काही गहू, विशेषतः १९४४ मध्ये, इतर देशांतून आलाही. परंतु याच सुमारास ग्रीस व बाल्कन प्रदेश मुक्त होतील तेव्हा लागेल म्हणून धान्याचा साठा करण्याचे बेत लंडनच्या मंत्रिमंडळात चालले होते. भारतमंत्री ॲमरी यांच्या डायरीत नोंद आहे की, पंतप्रधानांच्या मते आधीच अर्धपोटी राहणाऱ्या बंगाल्यांची उपासमार धडधाकट ग्रीकांच्या उपासमारीइतकी गंभीर नव्हती. ही नोंद वाचून मी पुस्तक मिटले आणि त्या दिवशी पुढे काही वाचले नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात धरावी. यात ग्रीकांचा काडीइतका दोष नाही. त्यांना मिळालेली पोळी त्यांच्या हक्काची होती, आणि ती देण्यासाठी झगडणाऱ्या ऑक्सफर्डच्या मंडळींचाही नाही. बंगालमध्येही हॉरेस अलेक्झांडर यांच्याबरोबर क्वेकर स्वयंसेवक येऊन दूध वाटीत होते. प्रश्न असा की, शत्रूच्या मुठीतल्या ग्रीसला जे मिळू शकले ते खुद्द ब्रिटनच्याच अमलातल्या बंगालला का मिळाले नाही?

मला उत्तर सापडते ते असे. ग्रीस दोन शत्रूंच्या मध्ये होता, म्हणून प्रत्येक गोष्ट लिहून, सही करून, तिसऱ्यासमोर ठरवावी लागली. बंगालचा मालक एकच. त्याला कोणाशी करार करावयाचा नव्हता, कोणाला जाब द्यावयाचा नव्हता. ग्रीसचे मंत्री परागंदा असले तरी बैठकीला हजर होते. आणि आमचे? ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद आणि त्यांचे सहकारी आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात कोंडलेले होते. त्यांत बंगालचे डॉ. प्रफुल्लचंद्र घोषही होते. गांधीजी पुण्याच्या आगाखान महालात होते. बंगालसाठी जगापुढे ज्यांनी बोलावयाचे ते भिंगार नाल्याच्या काठी बागकाम करीत, वर्तमानपत्रांतून मरणाचे आकडे वाचीत बसले होते. सुभाषबाबूंनी १९४३ मध्ये रेडिओवरून ब्रह्मदेशचा तांदूळ बंगालला पाठविण्याची तयारी दाखविली. ते शत्रूच्या गोटात होते आणि त्यांचा राजकीय हेतू उघड होता. तरीही तांदळाचे जहाज दोन शत्रूंच्या मधून सुखरूप नेता येते, हे ग्रीसमध्ये त्या घटकेला रोज सिद्ध होत होते. त्या सूचनेला उत्तरच मिळाले नाही.

आणखी एक गंमत, तिला गंमत म्हणवत नाही. नोव्हेंबर १९४३ मध्ये ४४ राष्ट्रांनी मिळून युद्धग्रस्तांच्या मदतीची मोठी संस्था स्थापिली. हिंदुस्थान तिचा सभासद होता. त्याने वर्गणी द्यावयाची होती. पण तिचा नियम असा की मदत शत्रूच्या ताब्यातून सुटलेल्या मुलखांना. बंगाल शत्रूच्या ताब्यात गेलाच नव्हता, सबब तो पात्र नव्हता! अमेरिकेत राहणाऱ्या जे. जे. सिंग यांच्यासारख्या भारतीयांनी खटपट करून हा नियम बदलवून घेतला.

म्हणून, जेवायला कोण घालते या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर हे की, जगात गहू बहुधा असतो. अडतो तो परवाना. आणि ज्याच्या बाजूने बोलणारा परवान्याच्या टेबलापाशी बसलेला असतो, त्याचे जहाज आधी सुटते.

युद्ध संपल्यावर जगाने काही शहाणपण शिकले. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात लिहिले गेले की, व्यापलेल्या मुलखातील लोकांना अन्न व औषधे पुरविणे हे व्यापणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याच्याने ते होत नसेल तर बाहेरची मदत त्याने येऊ द्यावी, आणि पंधरा वर्षांखालील मुले व गरोदर बाया यांच्यासाठी निघालेल्या अन्नाला वाट द्यावी. १९७७ मध्ये आणखी पुढे जाऊन, नागरिकांना उपाशी ठेवणे हे लढण्याचे साधन म्हणून वापरण्यास बंदी झाली. पण १९४९ चे कलम बारकाईने वाचले तर त्यात एक फट दिसते. मदतीने शत्रूचा निश्चित फायदा होईल अशी सबळ भीती असेल, तर ती अडविता येते. १९४० मध्ये पार्लमेंटात मांडलेला आक्षेप कायद्याच्या पोटात अजून तसाच बसलेला आहे. आजही कोठे वेढा पडला आणि सीमेवर धान्याच्या गाड्या उभ्या राहिल्या, की तोच युक्तिवाद नवे कपडे घालून येतो. वर्तमानपत्र वाचताना आपण मग विचारावे की, या गाडीचा कागद कोणाच्या टेबलावर अडकला आहे?

ऑक्सफर्डच्या त्या समितीने १९५१ मध्ये बिहारच्या दुष्काळाला मदत केली. ग्रीससाठी पेटविलेला दिवा आठ-नऊ वर्षांनी गंगेकाठी आला. आणि १९७१ मध्ये पुन्हा बंगालवरच प्रसंग आला. पूर्व बंगालमध्ये कत्तल सुरू झाली आणि सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. पावसाळ्यात छावण्यांमध्ये कॉलरा शिरला. बनगावच्या छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधविल्या, त्या पाण्यात कालवून पिंपे भरली, आणि आयाबायांनाच आपल्या माणसाला वाटीवाटीने पाजावयास सांगितले. तोवर शंभरांतले तीस दगावत होते. या पाण्याने ते प्रमाण चारांच्या आत आले. आज आपल्या घरी पोराला जुलाब झाले की आजी मीठ-साखरेचे पाणी करते, त्याला जगभर मान मिळाला तो या छावणीमुळेच.

त्या साली बंगालच्या भुकेल्यांना जेवू घालावयाचे की नाही, हे लंडनला विचारावे लागले नाही. दाराची कडी आपल्या हातात होती, आणि आपण ती काढली. घर काही भरलेले नव्हते. परदेशांतून, ऑक्सफॅमसारख्या संस्थांकडून मदत आली, पण मुख्य बोजा आपणच उचलला. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत त्या काळची पाकिटे आहेत. नेहमीच्या तिकिटाशेजारी निर्वासितांच्या मदतीसाठीचे ५ पैशांचे जादा तिकीट चिकटविलेले. नोव्हेंबर १९७१ पासून सरकारने ते टपालावर सक्तीचे केले होते. आजोबा प्राथमिक शिक्षक, पगार बेताचा. एका पत्रात त्यांनी धाकट्या भावाला लिहिले आहे, 'हल्ली पत्र महाग पडते, म्हणून एकात दोनांचा मजकूर लिहीत आहे.' बंगालविषयी पत्रात अक्षर नाही. त्याच्या खाली मात्र चार ओळी वाढवून विचारले आहे की घरी सगळे पोटभर जेवतात ना.